घर पाहावं राखून : जिन्याखालची सायकल



मे संपत आलाय. लग्नसराई, आंबे, सुट्टीला आलेले पाहुणे हे सगळं आवरत आलं आणि आता आपल्या बेळगावकरांचे डोळे आभाळाकडे लागलेत. मृग तोंडावर आहे. मागच्या महिन्यात या सदरात गच्चीच्या पन्हळींबद्दल लिहिलं होतं. या महिन्याचा विषय त्याहून छोटा आहे, पण तो लिहायला मी वर्षभर थांबले. कारण चूक माझी होती, आणि तिची शिक्षा आमच्या पुतणीला होता होता राहिली.

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठेही फिरा, एक दृश्य सारखंच दिसेल. मूळ घर बैठं. पुढे कुटुंब वाढलं किंवा भाडेकरू ठेवायचा झाला, म्हणून वर मजला चढला आणि वर जायला बाहेरून सिमेंटचा जिना आला. त्या जिन्याखालची तिरकी जागा म्हणजे घराचं अडगळीचं पोट. रिकाम्या कुंड्या, रंगाचे डबे, मोडकी खुर्ची आणि मुलांच्या सायकली.

आमच्याकडेही तसंच. खाली आम्ही आणि सासूबाई, वर भावोजी, धाकटी जाऊ आणि त्यांची मुलगी. आमचा जिना १९९८ साली झाला. त्याआधी मामंजींची काळी, दांडीच्या ब्रेकची सायकल सोप्यात राहायची, भिंतीला टेकून, माणसासारखी. जिना झाला आणि सायकली घराबाहेर गेल्या.

गेल्या जूनमध्ये पुतणी अकरावीला गेली आणि तिला नवी सायकल आली. गिअरबिअर नाही, साधीच, पण रंग सुरेख निळा. तिच्यापेक्षा माझाच जीव त्या सायकलीवर जास्त. पाऊस लागला तसं मी बाजारातून जाड प्लॅस्टिकचं कव्हर आणलं. ती कॉलेजातून आली की सायकल जिन्याखाली सारायची, कव्हर घालायचं आणि खालून दोरीने आवळून बांधायचं. वारा शिरणार नाही इतकं घट्ट. शेजारी भावोजींची पंधरा वर्षांची जुनी सायकल उघडीच उभी असायची. तिच्याकडे कोण बघतंय!

श्रावणातल्या एका सकाळी कपिलेश्वर पुलाच्या उतारावर पुढची रिक्षा अचानक थांबली. पुतणीने ब्रेक दाबले. मागचा ब्रेक लागलाच नाही आणि पुढच्याची वायर तुटली. पोरीने डोकं शांत ठेवलं. पाय घासत, कडेच्या कठड्याला सायकल घासत तिने ती थांबवली. गुडघा आणि तळहात सोलले, चप्पल फाटली. बस्स. मागून मोठी गाडी येत नव्हती, म्हणून आज ‘बस्स’ म्हणता येतंय.

घरी आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, “मोठी आई, सायकलला काही झालं नाही गं.” मला रडू आवरेना.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी मागची वायर ओढून बाहेर काढली तर नळीतून तपकिरी भुकटी सांडली. वायर आतल्या आत गंजून अडकली होती. पुढच्या वायरीचे बारीक पीळ ब्रेकच्या मुठीपाशी एकेक करून आधीच तुटले होते, शेवटचे दोन-तीन त्या दिवशी गेले.

“वैनी, दोन महिन्यांची सायकल ही. ठेवता कुठं?”

मी जरा अभिमानानेच सांगितलं, कव्हर घालून, बांधून ठेवते म्हणून. ते काही बोलले नाहीत. दुकान बंद करून येता येता घरी आले. जिन्याखाली पडलेलं ते कव्हर त्यांनी उचललं, उलटं केलं आणि मला दाखवलं. आतून थेंबच थेंब. सकाळपासून सायकल त्याच्याखाली नव्हती, तरी ते आतून ओलंच होतं. मग त्यांनी भावोजींच्या जुन्या सायकलीचे ब्रेक दाबून पाहिले. धूळ होती, चेन काळी होती, पण दोन्ही ब्रेक मोकळे.

“बाहेर पडत नाही एवढा पाऊस तुम्ही आत पाडलाय वैनी. झाकू नका, वाळू द्या की.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. बाकी मी जे लिहिणार आहे ते त्याचाच विस्तार.

गंज चढतो कसा

लोखंडाला गंजायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. मीठ किंवा ॲसिड असेल तर काम झटपट होतं. पाणी म्हणजे पावसाची धारच पाहिजे असंही नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंज सुरू होतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशी-नव्वद टक्के असते. म्हणजे सायकलीवर एक थेंब पडला नाही तरी ती ओलीच.

त्यात रात्री हवा गार होते. लोखंड लवकर निवतं आणि थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून दव सुटतं तसं त्याला दव सुटतं. उघड्या सायकलीवरचं हे दव सकाळच्या वाऱ्याने उडून जातं. बांधलेल्या कव्हरातलं कुठे जाणार? वर जमिनीतली ओल कव्हराच्या पोटात चढते ती वेगळीच. दुपारी वाफ, रात्री थेंब, असं चक्र चालू राहतं. मी रोज ओली सायकल त्यात बांधत होते. ओले कपडे पिशवीत भरून ठेवावेत, तसं.

गोणपाट, जुनी सतरंजी, चादर यांचंही तेच. कापड ओल शोषून घेतं आणि दिवसचे दिवस लोखंडाला चिकटून बसतं. सायकलीवर ओला पोता टाकण्यापेक्षा ती उघडी बरी.

पाणी येतं कुठून

पुढच्या रविवारी आम्ही सगळे जिन्याखाली जमलो. अडगळ बाहेर काढली आणि पाण्याच्या वाटा शोधल्या. तुम्हीही हेच करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिली वाट वरून. पुतणी वर गेली आणि तिने पायऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं. मी खाली मान वर करून उभी. जिना जिथे भिंतीला मिळतो तिथल्या फटीतून पाणी झिरपलं आणि बरोबर सायकलीच्या सीटवर टपकलं. आता आमची धाकटी जाऊ लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी दोन बादल्या पाण्याने पायऱ्या धुते, मग रांगोळी घालते. तिचा चेहरा उतरला.

“म्हणजे अक्का, माझ्यामुळं?”

काय बोलावं कळेना. पोरगी तिची, पाणीही तिचंच, आणि कव्हर माझं. मी म्हटलं, “तुझं पाणी आणि माझं प्लॅस्टिक. निम्मं निम्मं.” सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “पायऱ्या धुवायच्या कशाला थांबवता? फट बुजवा.” जावाजावांमध्ये वर्षभर धुमसू शकलं असतं ते तिथेच मिटलं.

दुसरी वाट पायऱ्यांच्या कडेवरून. पाणी कडेवरून सरळ खाली पडत नाही, काँक्रीटच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि मग मध्येच कुठेतरी टपकतं. जिन्याच्या खालच्या अंगाला काळसर ओघळ दिसले तर हेच चाललंय समजा.

तिसरी वाट बाजूने. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर झड येते. जमिनीवर आपटलेलं पाणी लाल मातीसकट उडतं ते वेगळं. भिंतीवर तांबडे शिंतोडे किती उंच गेलेत ते बघा. आमच्याकडे ते चाकाच्या मधोमध पोचले होते, म्हणजे चेन आणि पेडलची बेअरिंग रोज मातीच्या पाण्यात न्हात होती.

चौथी वाट खालून. याची परीक्षा सोपी आहे. कोरडी पडलेली जमीन झाडून तिच्यावर दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी उचलल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून येतेय.

आणि एक अनपेक्षित गोष्ट सापडली. कोपऱ्यात संडास धुवायच्या ॲसिडची अर्धी बाटली होती, झाकण सैल. तिची वाफ बंद जागेत साठते आणि आसपासच्या लोखंडाला खाते. शेजारच्या पत्र्याच्या डब्याला त्याच बाजूने गंज चढला होता. ॲसिड, ब्लीचिंग पावडर, खत, मीठ यांतलं काहीही सायकलीजवळ ठेवू नका.

जागेचं काम, पावसाआधी

फटी बुजवायचं काम आत्ताच करा, सगळं कोरडं आहे तोवर. पायरीतली भेग टोकदार छिन्नीने थोडी रुंद करायची, धूळ काढायची, पाणी मारून ओलवायची आणि बारीक वाळू-सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचं औषध मिसळून भरायची. मग आठवडाभर रोज पाणी मारायचं. जिना आणि भिंत यांमधली फट मात्र सिमेंटने भरू नका. ऊन-थंडीने दोन्ही वेगवेगळी हलतात, सिमेंट पुन्हा तडकतं. तिथे रबरासारखं लवचीक राहणारं सीलंट भरा.

कडेवरून आत सरकणाऱ्या पाण्यासाठी जिन्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दीड-दोन इंच आत, प्लॅस्टिकची कोनपट्टी सीलंटने चिकटवा. पाणी पट्टीपाशी अडतं आणि तिथूनच खाली पडतं. काही गवंडी कटरने खाच मारू म्हणतात. जुन्या जिन्यात सळ्या वरच असतात, त्यांना धक्का लागला तर सायकल राहील बाजूला आणि जिनाच गंजायला लागेल. पट्टी बरी.

जमिनीवर आम्ही चार इंचांचा कट्टा बांधून घेतला, बाहेरच्या बाजूला मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार ठेवून. भाड्याच्या घरात असाल तर चार विटा आणि दोन फळ्या पुरतात. चाकं मातीवरून उचलली गेली पाहिजेत, एवढंच.

बाजूची झड अडवायला भिंत घालू नका. पश्चिमेच्या अंगाला पत्रा किंवा बांबूची तट्टी लावा, पण खाली वीतभर आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवा. खालून वारा शिरला पाहिजे, वरून निघाला पाहिजे. आणि कव्हर? ते आम्ही फेकलं नाही. अर्धं कापलं. आता ते फक्त हँडल आणि सीटवरून येतं, खाली सगळं मोकळं. सायकलीला गोधडी नको, छत्री पाहिजे.

सायकलीचं काम, पाच मिनिटांचं

हे मात्र मुलांनो, तुमचं. आई-काकूंवर ढकलू नका.

पावसातून आलात की सायकल दोन्ही हातांनी उचलून दोनदा हलकेच जमिनीवर आपटा, निम्मं पाणी तिथेच गळतं. मग कोरड्या सुती फडक्याने पुसा. आधी चेन, मग रिम, ब्रेक, हँडल, शेवटी सीटच्या खालच्या स्प्रिंगा. फडकं सायकलीवरच टाकून जाऊ नका, वाळत घाला. चिखल असेल तर आधी मगभर साध्या पाण्याने धुवा. पाइपची जोराची धार बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं.

आठवड्यातून एकदा चेनला तेल. मळलेली चेन आधी थोड्या डिझेलने ब्रश मारून साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. मग शंभरावर कड्या आहेत, त्या प्रत्येकीच्या जोडावर एक थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल पुसून टाका. तेल कडीच्या आत हवं, बाहेरचं तेल माती धरतं. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल पातळ, एका पावसात वाहून जातं. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल पाणी हटवायला आणि अडकलेले नट सोडवायला चांगलं, पण चेनचं वंगण म्हणून ते टिकत नाही. सायकलच्या दुकानात चेनचं जाडसर तेल मिळतं, तेच घ्या.

तेलाचा हात रिमला, ब्रेकच्या रबराला किंवा डिस्कला चुकूनही लागू देऊ नका. गंज परवडला, निसरडा ब्रेक परवडत नाही.

महिन्यातून एकदा सीटचा दांडा सैल करून पूर्ण बाहेर काढा. तिथून फ्रेमच्या नळीत पाणी उतरतं आणि सायकल आतून गंजते, बाहेर रंग मात्र नवाकोरा. दांडा काढून सायकल उलटी धरा, पाणी असेल तर बाहेर येईल. दांडा पुसून, ग्रीसचा पातळ हात देऊन पुन्हा बसवा. वर्षानुवर्षं न काढलेला दांडा असा अडकतो की मग उंची वाढलेल्या मुलाला सीटही वाढवून देता येत नाही.

आणि ब्रेकची वायर. मूठ दाबा आणि सोडा. ती झटकन परत आली पाहिजे. जड लागली, हळू परतली, किंवा काळ्या नळीच्या टोकाला तपकिरी डाग दिसला तर आत गंज आहे. मूठ पूर्ण दाबून वायरीचं टोक जिथे अडकवलंय तिथे बघा. एक जरी बारीक तार तुटून वर आली असेल तर त्याच दिवशी वायर बदला, नळीसकट. आम्हाला दोन्ही ब्रेकच्या वायरींना दोनशे रुपयांच्या आतच खर्च आला. पुलावरच्या त्या सकाळचा हिशोब मी अजून करू धजत नाही.

चकाकत्या रिमवर किंवा हँडलवर तांबूस ठिपके आले असतील तर घाबरू नका. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, ठिपके निघतात. मग कोरडं पुसा. हँडलला तेलाचा पुसट हात द्यायला हरकत नाही, रिमला नको. गंजलेले छोटे नट-बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून, सकाळी सोड्याच्या पाण्यात धुऊन, वाळवून लगेच तेल लावा. लगेच म्हणजे लगेच, उघडं पडलेलं लोखंड आपल्या हवेत दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होतं.

माझी बहीण गोव्यात समुद्राजवळ राहते. तिच्याकडे पावसाळा संपला तरी खारा वारा संपत नाही, म्हणून ती आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सायकल पुसते आणि मग कोरडी करते. मीठ आधी पुसून काढायचं, तेल नंतर. मिठावर तेल लावलं तर गंज तेलाखाली चालूच राहतो.

या सगळ्यात सासूबाईंनी एक आठवण काढली. मामंजी पावसातून आले की आधी सायकल पुसायचे, मग चहाला बसायचे. सोप्यात एका खिळ्याला पंचाचा तुकडा कायम लटकत असे. आम्ही त्याला त्यांचा सोवळेपणा समजून हसायचो. ती सायकल आजही खानापूरकडच्या आमच्या गावी शेतावर चालते. तिला कव्हर कधीच नव्हतं. पुसणारा हात होता.

आता आमच्या जिन्याखाली भिंतीला तसाच एक खिळा ठोकलाय. त्याला पुतणीने तिच्या जुन्या ओढणीचा तुकडा अडकवलाय. सकाळी धाकटी जाऊ पायऱ्या धुते तेव्हा वरून आवाज देते, “अक्का, बघा की, ठिबकतंय काय?” मी खाली जाऊन वर बघते. अजून तरी नाही. मृगाचा पाऊस खरं काय ते सांगेल.

या रविवारी तुम्हीही तुमच्या जिन्याखाली एक बादली पाणी ओतून बघा. आणि सायकल कुणाचीही असो, तिचे ब्रेक एकदा दाबून बघा.

पुढच्या महिन्यात भेटू, तेव्हा कपाटातल्या पुस्तकांना लागणाऱ्या बुरशीबद्दल बोलू. तोवर घर राखा, कोरडे राहा.